फोमच्या गाड्या समोर उभ्या असताना जवान थांबतात कशासाठी?

प्रश्न असा आहे : पेट्रोल किंवा डिझेलच्या मोठ्या टाकीला आग लागली की अग्निशमन दलाच्या गाड्या लवकर पोचतात, फोमचे टँकर उभे दिसतात, तरी जवान कितीतरी वेळ जळत्या टाकीला हातच लावत नाहीत, शेजारच्या टाक्यांवर नुसतं पाणी मारत राहतात. हा वेळेचा अपव्यय नाही का? आणि साध्या पाण्याने न विझणारी ही आग शेवटी विझते कशी? अशा आगी विझवण्यात आणि नंतर ते शिकवण्यात माझा बराच काळ गेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थांबणं बरोबर असतं. अपुरा फोम घेऊन आगीवर तुटून पडणारा अधिकारी शूर दिसतो, पण तासाभराने त्याच्याकडे फोम उरलेला नसतो आणि आग जशीच्या तशी असते. हे असं का होतं ते समजायला आधी जळतं काय ते बघावं लागेल.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. त्याच्या पृष्ठभागावरून निघालेली वाफ हवेत मिसळून जळते. पेट घेण्याइतकी वाफ ज्या सर्वांत कमी तापमानाला तयार होते, त्याला त्या द्रवाचा फ्लॅश पॉईंट म्हणतात. पेट्रोलचा फ्लॅश पॉईंट उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपास असतो. म्हणजे बर्फाळ प्रदेशातही सांडलेलं पेट्रोल ठिणगीची वाट बघतच पडलेलं असतं. रॉकेलचा साधारण ३८ अंशांच्या वर आणि डिझेलचा ५०-६०च्या वर असतो, त्यामुळे थंड डिझेलच्या डबक्यात जळती काडी पडली तर ती बहुधा विझते. पण तेच डिझेल कापडात मुरलं, फवाऱ्यासारखं उडालं किंवा तापलेल्या भागावर पडलं, की ही सवलत संपते. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. ठिणगी नसताना, नुसत्या उष्णतेने आपोआप पेट घेण्याचं तापमान डिझेलचं पेट्रोलपेक्षा कमी असतं. तापलेल्या टर्बोवर किंवा एक्झॉस्टवर डिझेलची गळती झाली तर इंजिनाच्या खोलीत आग लागायला ठिणगी लागत नाही. जहाजांवर आणि मोठ्या जनरेटरच्या खोल्यांत आगी लागतात त्यामागे हे एक नेहमीचं कारण असतं.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जाऊन विरत नाही, तर जमिनीलगत सरकते, गटारात आणि खड्ड्यात उतरते, उताराने दूरवर जाते. हवेत तिचं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तेव्हाच ती पेटते. त्याहून कमी असेल तर मिश्रण विरळ, जास्त असेल तर हवा अपुरी. म्हणूनच तळाला जेमतेम पेलाभर पेट्रोल राहिलेला 'रिकामा' ड्रम हा काठोकाठ भरलेल्या ड्रमपेक्षा घातक ठरतो. ड्रम धुऊन वाफ पूर्ण काढल्याशिवाय त्याला वेल्डिंग किंवा गॅस कटर लावणारे जिवाशी खेळत असतात, आणि असे अपघात आजही होतात हे मला फार लागतं.

आता पाण्याकडे येऊ. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, पाणी मारलं की ते तळाला जातं आणि पेट्रोल वर तरंगत जळत राहतं. जोरदार धार मारली तर द्रव उसळतो, पृष्ठभाग वाढतो, ज्वाला मोठी होते. सखल जागेत किंवा टाकीभोवतीच्या बंधाऱ्यात पाणी साचत गेलं की त्यावर तरंगणारं जळतं इंधन बंधारा ओलांडून बाहेर येतं आणि जिथे आग नव्हती तिथे आग पोचते. तरीही अशा आगीवर सर्वांत जास्त लागतं ते पाणीच. ते कुठे आणि कसं मारायचं, एवढाच प्रश्न असतो.

बारीक फवारा करून मारलेलं पाणी डिझेल, फर्नेस ऑईल यांसारख्या जड इंधनांच्या छोट्या आगी विझवूही शकतं. पृष्ठभाग फ्लॅश पॉईंटच्या खाली गार झाला की वाफच तयार होत नाही. पेट्रोलच्या बाबतीत हे शक्य नाही, कारण पाणी त्याला उणे ४० अंशांपर्यंत गार करू शकत नाही. पेट्रोलच्या आगीत पाण्याचं काम म्हणजे माणसांना झळीपासून वाचवणं, व्हॉल्व्हपर्यंत जाणाऱ्या जवानांपुढे फवाऱ्याचा पडदा धरणं आणि शेजारच्या टाक्या, पाइप, त्यांचे आधार गार ठेवणं. म्हणजे बाहेरून 'नुसतं पाणी मारतायत' असं दिसतं तेव्हा आग एका टाकीत कोंडून ठेवण्याचं काम चालू असतं.

त्यातही तारतम्य लागतं. ज्या टाकीला झळ लागतच नाही तिच्यावर पाणी ओतत राहिलं तर साठा संपतो आणि बंधारा भरतो. आम्ही एक साधी परीक्षा घेतो. शेजारच्या टाकीच्या पत्र्यावर पाण्याची एक धार फिरवायची. वाफ निघाली तर गार करायची गरज आहे, पत्रा नुसता ओला राहिला तर नाही. जळत्या टाकीच्या भिंतीवर अशीच धार फिरवली तर आत इंधन किती उंचीपर्यंत आहे तेही कळतं. द्रवाच्या पातळीच्या वरचा पत्रा क्षणात सुकतो, खालचा ओलाच राहतो, कारण आतला द्रव त्याची उष्णता शोषत असतो. रंग कुठपर्यंत फोड येऊन सोलला आहे हेही तीच रेषा दाखवतं. हल्ली थर्मल कॅमेरे असतात, पण ही ओली-सुकी रेषा वाचता आलीच पाहिजे. तिच्यावरून आग अजून किती वेळ चालेल याचा अंदाज येतो. मोठ्या पृष्ठभागावर पेट्रोल मिनिटाला साधारण चार-पाच मिलिमीटर या वेगाने जळत खाली जातं, म्हणजे तासाला २५-३० सेंटिमीटर. आत १० मीटर पेट्रोल असेल तर ती टाकी दीड दिवस जळू शकते. घाईने चुकीचं काही करण्यापेक्षा नीट तयारी करायला तेवढा वेळ असतो. माणसं अडकलेली नसतील तर हा वेळ वापरायचा.

आता फोम. रशियन रसायनज्ञ आणि शिक्षक अलेक्सांद्र लोरान बाकूच्या तेलक्षेत्रात राहत होता. तिथल्या आगी बघून १९०२च्या सुमारास त्याला ही कल्पना सुचली आणि १९०४मध्ये त्याने पेटंट घेतलं. पाणी बुडतं, मग पाण्याला तेलावर तरंगायला लावायचं, ही ती कल्पना. हवेचे बुडबुडे भरलेला पाण्याचा थर पृष्ठभागावर पसरला की वाफ बाहेर पडत नाही, ज्वालेची उष्णता द्रवापर्यंत पोचत नाही, आणि थरातून हळूहळू झिरपणारं पाणी पृष्ठभाग गार करत राहतं. आजही फोममध्ये दुसरी कुठली जादू नाही. फोम कंपाउंड, म्हणजे फोम तयार करणारा दाट द्रव, पाण्यात ठरावीक प्रमाणात, बहुतेक वेळा ३ टक्के, मिसळायचं आणि ब्रँचमधून (हातात धरायच्या नळीच्या तोंडातून) किंवा मॉनिटरमधून (एका जागी बसवलेल्या तोफेसारख्या मोठ्या नोझलमधून) बाहेर पडताना त्यात हवा ओढली जाते. इंधनाच्या आगीवर वापरला जाणारा फोम मूळ द्रावणाच्या २० पटींपर्यंत फुगतो, प्रत्यक्षात पुष्कळदा सहा-आठ पटच. हजार पटींपर्यंत फुगणारे फोमही असतात, पण ते बंद गोदामं भरायला. उघड्यावर वाऱ्याने उडून जातात.

थांबण्यामागचं गणित इथून सुरू होतं. टाकीचा पूर्ण पृष्ठभाग पेटला असेल आणि फोम बाहेरून मॉनिटरने मारायचा असेल, तर सर्वमान्य मानकांनुसार दर चौरस मीटरला दर मिनिटाला किमान ६.५ लिटर द्रावण लागतं, आणि पेट्रोलसारख्या इंधनावर ते ६५ मिनिटं न थांबता पुरवावं लागतं. समजा टाकीचा व्यास ३० मीटर आहे, म्हणजे मध्यम आकाराची टाकी. क्षेत्रफळ झालं सुमारे ७०७ चौरस मीटर. मिनिटाला ४,६०० लिटर द्रावण हवं. ६५ मिनिटांचं झालं जवळपास ३ लाख लिटर. त्यातलं ३ टक्के म्हणजे ९ हजार लिटर निव्वळ फोम कंपाउंड, बाकी सगळं पाणी. शिवाय विझल्यानंतर थर टिकवायला वेगळा साठा हवा. समोर उभ्या असलेल्या दोन टँकरमध्ये मिळून एवढं कंपाउंड सहसा नसतं. पाण्याची लाईन आणि पंप एवढा दाब सलग देऊ शकतात का, तेही तपासावं लागतं.

मग निम्म्या दराने दुप्पट वेळ मारला तर? हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षण वर्गात येतो, आणि तो फार महत्त्वाचा आहे. नाही चालत. आग फोम सतत खात असते. झळीने बुडबुडे फुटतात, वरच्या उष्ण झोताने काही फोम उडून जातो, तापलेल्या पत्र्याला लागून काही उकळून जातो. ज्या वेगाने फोम नष्ट होतो त्यापेक्षा जास्त वेगाने तो पडला तरच थर वाढतो. त्या मर्यादेच्या खाली कितीही तास मारा, पृष्ठभाग झाकला जाणार नाही आणि सगळं कंपाउंड वाफ होऊन जाईल. म्हणून नियम असा : लागणारं सगळं कंपाउंड, पाणी, मॉनिटर आणि माणसं जागेवर आल्याशिवाय फोमचा हल्ला सुरू करायचा नाही, आणि सुरू केला की मध्ये थांबवायचा नाही.

बंसफील्ड या इंग्लंडमधल्या इंधनसाठ्यात ११ डिसेंबर २००५ला रविवारी पहाटे स्फोट झाला. मुख्य फोम हल्ला सोमवारी सकाळी सुरू झाला, कारण मधला वेळ देशभरातून कंपाउंड आणि मोठे पंप जमवण्यात गेला. अमेरिकेत लुइझियानातल्या नॉर्को इथे ७ जून २००१ला वादळात वीज पडून पेट्रोलची ८२ मीटर व्यासाची टाकी पेटली. एवढ्या मोठ्या टाकीची पूर्ण पृष्ठभागाची आग तोवर कुणी विझवली नव्हती. तिथेही जमवाजमवीत अर्धा दिवस गेला आणि फोम सुरू झाल्यावर साधारण तासाभरात आग आटोक्यात आली. बातम्यांमध्ये मधला वेळ 'आग अजून धुमसतेच आहे' असा दिसतो. माझ्या दृष्टीने आग विझली ती त्याच वेळात.

फोम मारण्याची पद्धत दरापेक्षा कमी महत्त्वाची नाही. जळत्या द्रवात धार सरळ घुसवली तर फोम इंधनात बुडतो, इंधन माखून वर येतो आणि स्वतःच जळायला लागतो. सांडलेल्या इंधनावर धार अलीकडे जमिनीवर पाडून फोम पुढे सरकू द्यायचा, मागे भिंत किंवा वाहन असेल तर त्यावर आपटून खाली उतरवायचा, काहीच नसेल तर उंच मारून पावसासारखा हलका पडू द्यायचा. मोठ्या टाकीवर उलट, सगळ्या मॉनिटरच्या धारा एकाच जागी पाडतात. तिथे आधी फोमचं एक बेट तयार होतं आणि मग ते बाजूंना पसरतं. फोम तीसेक मीटरपर्यंत भरवशाने सरकतो. त्यापलीकडे दुसरी जागा धरावी लागते.

नवशिके नेहमी ज्वालेच्या शेंड्याकडे बघतात. मी त्यांना प्रशिक्षणाच्या खड्ड्याजवळ उभं करून कडा बघायला सांगतो. मधली आग बसते, धूर काळ्याचा पांढुरका होतो, सगळ्यांना वाटतं संपलं. पण खड्ड्याच्या लोखंडी काठालगत फोम चुरचुरत असतो, पत्रा तापलेला असतो, थर तिथे बोटभर मागे हटलेला असतो, आणि त्या फटीतून छोट्या निळसर ज्वाला काठाने पळत राहतात. फोम इथे बंद केला तर त्या ज्वाला दहा मिनिटांत पुन्हा मध्यावर येतात. म्हणून बाहेरून पत्रा गार करायचा आणि काठावर फोम देत राहायचा. मात्र गार करणारं पाणी टाकीच्या आत जाता कामा नये, ते थर फोडतं. १९६७मध्ये फॉरेस्टल या अमेरिकन विमानवाहू जहाजाच्या डेकवर विमानांच्या इंधनाने आग लागली, १३४ जण गेले. पहिल्या काही मिनिटांतच बॉम्ब फुटल्याने आग विझवायचं शिक्षण घेतलेले बरेचसे खलाशी मारले गेले. मागून मदतीला धावलेल्यांपैकी काहींनी समुद्राचं पाणी मारलं आणि इतरांनी पसरलेला फोम वाहून गेला. धैर्य त्यांच्यात कमी नव्हतं. एका नळीने फोम आणि दुसरीने त्याच जागी पाणी, हे आजही घडताना दिसतं आणि प्रत्येक वेळी त्याचं कारण एकच असतं : कोण काय मारणार हे आधी ठरलेलं नसतं.

इंधनात अल्कोहोल असेल तर गणित बदलतं. इथेनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळे ते साध्या फोममधलं पाणी शोषून घेतं आणि थर बघता बघता नाहीसा होतो. त्यासाठी अल्कोहोलला टिकणारा वेगळा फोम असतो. त्यात असलेलं पॉलिमर द्रव आणि फोम यांच्यामध्ये पातळ पापुद्रा धरतं. तो पापुद्रा टिकायचा तर फोम आणखी हळुवार पडायला हवा. पेट्रोलमध्ये इथेनॉल जसजसं वाढतं आहे, तसतसं 'आपल्याकडे फोम आहे' एवढं पुरेसं राहिलेलं नाही. कोणता फोम, कोणत्या इंधनासाठी, हे डब्यावर वाचून साठ्याच्या नोंदीत लिहिलेलं हवं. रात्री दोन वाजता शोधायची ती गोष्ट नव्हे.

गळतीची आग ही वेगळी जात. फुटलेल्या पाइपातून, फ्लँजमधून (पाइपांच्या जोडातून) किंवा पंपाच्या सीलमधून इंधन दाबाने उडत किंवा धारेने पडत जळत असेल, तर तिथे पृष्ठभागच सपाट नाही, फोम टिकणार कशावर? अशा वेळी आधी पुरवठा बंद करायचा. व्हॉल्व्ह कुठे आहे हे कारखान्यातला ऑपरेटर अधिकाऱ्यापेक्षा चांगलं जाणतो, म्हणून त्याला शोधून शेजारी उभं करणं हे माझं पहिलं काम असतं. फवाऱ्याच्या आडोशाने व्हॉल्व्हपर्यंत जाऊन तो बंद केला की पुष्कळ आगी आपोआप विझतात. व्हॉल्व्ह बंद होण्यासारखा नसेल तर ज्वाला पावडर मारून विझवण्याची घाई करू नये. ज्वाला गेली पण गळती चालू राहिली, तर आता दिसणारी आग न दिसणाऱ्या वाफेत बदललेली असते, आणि ती वाफ कुठला तापलेला पत्रा गाठेल ते आपल्या हातात नसतं. नियंत्रणात जळणारी गळती ही न जळणाऱ्या गळतीपेक्षा पुष्कळदा सुरक्षित असते. व्हॉल्व्ह हाताशी आला की मग ड्राय केमिकल पावडरने उडती ज्वाला तोडायची आणि खालच्या डबक्यावर फोम घालायचा, दोन्ही जोडीने. पावडर ज्वाला क्षणात पाडते, पण गार काहीच करत नाही. फोम सावकाश काम करतो, पण झाकून ठेवतो. पावडर आणि फोम एकमेकांना चालणारे आहेत का, हे मात्र आधी बघून ठेवायचं. काही पावडरी फोम फोडतात.

कच्चं तेल किंवा जड फर्नेस ऑईल जळत असेल तर मला झोप लागत नाही, कारण तिथे बॉइलओव्हर होऊ शकतो. अशा तेलातले हलके घटक वर जळत असताना तापलेला जड थर हळूहळू खाली उतरतो. टाकीच्या तळाला जवळजवळ नेहमीच थोडं पाणी साठलेलं असतं. उष्ण थर त्याला टेकला की पाण्याची एकदम वाफ होते. पाण्याचं आकारमान वाफ होताना सुमारे १,७०० पट वाढतं आणि वरचं सगळं जळतं तेल टाकीबाहेर फेकलं जातं. व्हेनेझुएलात ताकोआ इथल्या वीजकेंद्रावर १९ डिसेंबर १९८२ला सकाळी फर्नेस ऑईलची टाकी पेटली. काही तास ती शांतपणे जळत होती. जवान, पत्रकार आणि बघणारे लोक जवळ आले होते. मग बॉइलओव्हर झाला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. आग तासन्‌तास स्थिर दिसते आहे म्हणून पुढे सरकणाऱ्या प्रत्येकाला मी ही घटना सांगतो. उष्ण थर कुठवर आला हे पुन्हा त्याच ओल्या-सुक्या रेषेवरून आणि कॅमेऱ्यावरून बघत राहायचं. ज्वाला अचानक उंच आणि लख्ख होणं, टाकीतून तळणाचा आवाज येणं ही पळण्याची वेळ. त्या क्षणी नळ्या गुंडाळत बसायचं नाही, टाकून निघायचं. पण खरं तर तोवर लोक दूर गेलेलेच हवेत, कारण प्रत्येक वेळी आधी सूचना मिळेलच असं नाही.

इंधन सांडलं आहे पण पेटलेलं नाही, ही परिस्थिती लोकांना सुटकेची वाटते. मला ती आगीपेक्षा वाईट वाटते. बंसफील्डला टाकीची पातळी दाखवणारा मापक अडकला, भरणं थांबवायला हवं असलेलं स्वतंत्र स्विच चाललं नाही, पेट्रोल वरून सांडत राहिलं आणि वाफेचा ढग आवारभर पसरल्यावर स्फोट झाला. जयपूरजवळच्या सीतापुऱ्यात २९ ऑक्टोबर २००९ला इंधनसाठ्यातून पेट्रोल बाहेर पडत राहिलं आणि सुमारे सव्वा तासाने ढग पेटला. ११ जण गेले. सुरुवातीला व्हॉल्व्हपाशी असलेले कामगार वाफेनेच बेशुद्ध झाले, म्हणून गळती बंद करायला कुणी उरलं नाही. न पेटलेल्या इंधनावर म्हणून फोम आधीच पसरायचा, वाफ दबते. गाड्या वारा जिकडून येतो त्या बाजूने आणि उंचावरून आणायच्या, लांबच थांबवायच्या, कारण गाडीचं इंजिन हीच ठिणगी ठरू शकते. गॅस मोजणाऱ्या यंत्राशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. श्वसनयंत्र घातलेलं असलं तरी ज्वलनशील ढगात शिरायचं नाही, ते फक्त फुप्फुसं वाचवतं.

जयपूरच्या त्या साठ्याची आग शेवटी जळून जाऊ दिली, ती सुमारे ११ दिवस चालली. यावर तेव्हा टीका झाली. पण अनेक टाक्या एकदम पेटलेल्या, आवारातली अग्निशमन यंत्रणा स्फोटात मोडलेली, जवळ जाणं अशक्य. अशा वेळी माणसं पुढे न ढकलता आजूबाजूचं वाचवत आग संपू देणं हा पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय असू शकतो. इंधनाची किंमत भरून निघते.

फोमविषयी एक गोष्ट सांगितली नाही तर उत्तर अपुरं राहील. १९६०च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत एएफएफएफ नावाचा फोम तयार झाला. तो इंधनावर पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा पसरवतो आणि सांडलेल्या इंधनाची आग फार झपाट्याने पाडतो. त्याची ताकद फ्लोरिनयुक्त रसायनांत होती, आणि तीच रसायनं निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत, भूजलात आणि शरीरात साठत जातात. २००९पासून स्टॉकहोम करारात (न विघटित होणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय करारात) त्यांतल्या काहींवर निर्बंध आले, पुढे यादी वाढली. बंसफील्डच्या आगीनंतरही दूषित पाणी भूजलात उतरलं. आता फ्लोरिन नसलेले फोम आले आहेत. ते चांगले आहेत, पण पापुद्रा पसरवत नाहीत, नुसत्या बुडबुड्यांच्या थरावर चालतात. म्हणून हळुवार मारावे लागतात, काही इंधनांवर दर जास्त लागतो, आणि दोन कंपन्यांचे फोम एका टाकीत मिसळता येत नाहीत. जुना फोम काढून नवा भरला आणि इंडक्टर (पाण्यात कंपाउंड ओढून मिसळणारं साधन), नोझल, सराव सगळं जुनंच ठेवलं, तर आगीच्या दिवशी पंचाईत होते. आणि सरावासाठी फ्लोरिनवाला फोम उघड्यावर मारणं तर आता कुठेही होऊ नये, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण फोम मिळतात.

आता जे अग्निशमन दलात नाहीत त्यांच्यासाठी. छोट्या भांड्यातलं इंधन पेटलं तर ते भांडं उचलून बाहेर नेऊ नका. चालताना ज्वाला तुमच्याकडेच येते, हात भाजतो, भांडं सुटतं आणि आग वाटभर सांडते. जागेवरच झाकण, पत्रा किंवा जाड ओली चादर टाकून झाका आणि गार होईपर्यंत उघडू नका. वाहनाच्या आगीवर पावडरचं सिलिंडर वापरायचं तर वारा पाठीवर घ्या, आपली परतीची वाट मागे मोकळी ठेवा, दोन-तीन मीटरवरून ज्वालेच्या बुडाशी, अलीकडच्या कडेपासून सुरुवात करून डावी-उजवी झाडत पुढे सरका. छोटं सिलिंडर दहा-पंधरा सेकंदांत संपतं. तेवढ्यात विझली नाही तर मागे व्हा. विझली तरी पाठ फिरवू नका, मागे पावलं टाकत या, कारण पावडरने गारवा येत नाही आणि तापलेल्या धातूमुळे पुन्हा भडका उडू शकतो. आग इंजिनाच्या झाकणाखाली असेल तर झाकण सताड उघडू नका, फटीतूनच मारा. इंधनाच्या टाकीपर्यंत आग पोचली असेल तर सिलिंडर सोडा आणि लोकांना लांब न्या.

अंगावर पेट्रोल सांडलं असेल आणि पेटलं नसेल, तर आधी ठिणगीपासून दूर व्हा, कपडे पाण्याने भिजवा आणि मगच काढा. कोरडे कपडे ओढून काढताना स्थिर विद्युत तयार होते. कॅनमध्ये इंधन भरतानाही तो गाडीच्या डिकीत किंवा प्लॅस्टिकवर ठेवून भरू नका, जमिनीवर ठेवा आणि नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेला राहू द्या. कपडे पेटले तर धावू नका. खाली पडा, चेहरा झाकून लोळा, आणि विझल्यावर भाजलेल्या भागावर वीसेक मिनिटं थंड वाहतं पाणी धरा. बर्फ लावू नका.

आणि साठ्याच्या आगीचे व्हिडिओ काढायला जवळ जाऊ नका. ताकोआला मेलेल्यांमध्ये बघायला आलेली माणसंही होती. जवान मागे सरकताना दिसले तर कारण विचारत थांबू नका, त्यांच्याही मागे जा.